गावाला इचारा

मॅडमशी मी नऊ वर्सांत एकदाच भांडले. तेबी त्यांच्या भल्यासाठी भांडले, हे आधीच सांगून ठेवते. मागून तुमी मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

शाळा उघडून आठ-धा रोज झालते. मी वऱ्हांड्यात खिचडीचे तांदूळ निवडत बसलते. मी तानुबाई. चौदा वर्सं झाली, ह्या शाळेची खिचडी माझ्याच हातची. लेकरं मला मावशी म्हणतेत, मास्तर लोकबी मावशीच म्हणतेत. तर धम्मशीला मॅडम आल्या, माझ्यापशी खाली बसल्या आन सूप ओढून खडे काढायला लागल्या. कोणती मास्तरीण असं करती, सांगा बरं!

मी म्हणलं, "मॅडम, यंदा आदर्श शिक्षकाच्या बक्षिसाला तुमी नाव टाका."

त्या हसल्या. "मावशी, नाव आपलं आपणच टाकायचं असतं. फाईल करायची. मी किती गुणाची, माझं काम किती मोठं, हे आपल्याच हातानं लिहायचं. वर फोटो चिकटवायचे. मला लाज वाटते."

"लाज? आवो, रडल्याबिगर आई लेकराला पाजीत न्हाई, आन तुमाला सरकार आपूआप पाजंल व्हय?"

"नको ना मावशी. लेकरं शिकायलीत, बस झालं."

मला असा राग आला! सूप दिलं बाजूला सारून. "बस कसं झालं? तुमी आल्या तवा पटावर एकोणीस लेकरं, आन शाळेत येणारी अकरा. आज चौसष्ट हायत. आभाळातून पडली का?"

खोटं न्हाई सांगत. आमचं गाव चारठाण्यापून दोन कोसावर, माळावरचं. दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला जातं, ते पाडव्याच्या तोंडावर माघारी येतं. मायबापासंगं लेकरं जायची. पाच म्हयने फडात उसाचं वाढं गोळा करायची, धाकटं कडंवर सांभाळायची. माघारी आल्यावर त्यांना शाळा म्हंजी परगाव वाटायचं. मॅडम आल्या आन दर वर्साला दसऱ्याआधी दारोदार फिरायला लागल्या. "लेकरू मागं ठेवा, जिमेदारी माझी." कुणी कुत्रं सोडलं. कुणी म्हणलं, तुमाला काय जातंय बोलायला. ही बाई दुसऱ्या रोजी पुन्हा त्याच दारात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस हुतं त्यांची लेकरं घरी ऱ्हायली. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांना शाळेच्याच एका खोलीत ठेवलं. साहेबांच्या मागं लागून लागून त्याचं हंगामी वसतिगृह मंजूर करून आणलं, संध्याकाळच्या भाकरी मी थापायचे आन मॅडम स्वता पोरींच्या वेण्या घालायच्या.

माझी नात साक्षी, माझ्या बालाजीची पोरगी, ती अशीच ऱ्हायली. न्हाई तर आज सहावीत नसती, फडात मोळ्या बांधत असती. सारं गाव जाणतं हे.

आन हेबी सांगते, लपवून काय करू. मॅडम आल्या तवा अर्ध्या गावात खोल्या रिकाम्या हुत्या, पर त्यांना द्यायला कुणाचीच खोली रिकामी नव्हती. कामून, ते तुमाला सांगायची गरज न्हाई. भीमनगरात पंचफुलाच्या घरी त्या ऱ्हायल्या. पयल्या वर्सी मीबी त्यांच्या हातचा चहा पेले न्हाई. म्हणायचे, आज माझा उपास हाय. वर्सभर उपास! त्यांना का कळत नसंल? पर एका शबदानं बोलल्या न्हाईत. पुढं साक्षीला कावीळ झाली, तवा चार रोज मॅडमच दवाखान्यात तिच्या उशाला बसल्या. तिथून माघारी आले आन पयल्यांदा त्यांच्या चुलीवरचा चहा पेले. तवापून आमचं एका ताटात.

त्यांचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडाव्याकडं. घरी म्हातारी आई एकटी. बदली मागितली असती तर कवाच मिळाली असती. मागितली न्हाई. ह्या लेकरांपायी.

तर त्या दिवशी मी भांडले. म्हणलं, "तुमाला लिहायची लाज वाटती ना? मग तुमची ती घरभेटीची वही द्या व्यंकटराव सरांपशी. ते हेडमास्तर हायत, ते लिहितील."

त्या वहीत नऊ वर्सांचं सगळं हुतं. कोणत्या घरी कवा गेल्या, बाप काय बोलला, लेकरू किती रोज ऱ्हायलं. मॅडम वही कुणाच्या हातात देत नसत. त्या म्हणल्या, "राहू द्या मावशी, वही माझ्यापुरती आहे."

"तुमाला आमच्या गावावर भरवसा न्हाई व्हय?" मी म्हणले.

एवढं बोलल्यावर त्या उठल्या. आलमारीतून वही काढली आन सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हे बोलणं माझं हुतं. दुसऱ्या कुणाचं न्हाई.

आता व्यंकटराव सर म्हंजी माणूस वाईट न्हाई हं. आमच्याच भावकीतला. रिटायरला दोन वर्सं ऱ्हायलीत. सकाळी येतो, खुर्ची वऱ्हांड्यात टाकतो, ऊन आलं की सावलीत सरकवतो, सावली सरली की पुन्हा सरकवतो. हातात मोबाइल. काही इचारलं की म्हणतो, "थांबा, वर माहिती मागायलेत." बारा म्हयने वरचे साहेब माहितीच मागायलेत! लेकरांना मारीत न्हाई, शिकवीतबी न्हाई. वही बघून म्हणला, "वा, लय मोठं काम हाय. बघतो मी." मला बरं वाटलं. म्हणलं, माणसाला कदर हाय.

श्रावणात एके दिवशी महारुद्रनं मला बोलावणं धाडलं. महारुद्र शाळेच्या समितीचा अध्यक्ष. खिचडीला कोण ठेवायचं, ते दर वर्साला हीच समिती ठरवती. दिवस मावळतीला गेलता, महारुद्र वसरीवर सुपारी कातरत बसलता. समितीतली सुमनबाई आन दुसरी चार-पाच माणसंबी हुती.

"तानूकाकू, उद्या बक्षिसाच्या चौकशीला साहेब यायलेत," महारुद्र म्हणला. "गावाला इचारणार हायत. सगळ्यांनी एकच बोलायचं. घरोघर कोण फिरलं? व्यंकटराव सर फिरले."

मला वाटलं, ह्याची जीभ घसरली. मी म्हणलं, "मॅडम म्हणायचं हाय ना तुला?"

"न्हाई. फाईल व्यंकटरावाच्या नावानं गेलीया."

"आन वही?"

"वही शाळेची. शाळा हेडमास्तराची."

"वा रे न्याव!" माझ्या अंगाचा भडका झाला. "करायचं एकीनं आन मिरवायचं दुसऱ्यानं. आयत्या बिळावर नागोबा! खुर्ची सरकवायचं बक्षीस आसंल तर द्या की त्याला, माझं काही म्हणणं न्हाई!"

सुमनबाई पदरात हसली. महारुद्र हसला न्हाई. सुपारी तोंडात टाकली आन सावकाश बोलायला लागला. "काकू, मॅडम तरण्या हायत. त्यांना पुढच्या साली मिळंल. व्यंकटरावाची ही शेवटची येळ. गावचा माणूस हाय. परभणीला एवढ्या मोठ्या हालमधी आपल्या गावचं नाव निघायचं, ते कुणाच्या नावासंगं निघावं? गावचा मान गावात राहू द्या की."

गावात म्हंजी काय, ते आमा सगळ्यांना कळलं. नऊ वर्सं ती बाई ह्या गावात ऱ्हायली, ते गावात न्हाई, भीमनगरात! ह्याच्यावर कुणी चकार शबद काढला न्हाई. मीबी न्हाई.

मी उठायले, तवा तो म्हणला, "आन हां काकू. खिचडीचा ठराव अजून व्हायचाय. चांगुणाबाई ह्या कामासाठी दोनदा येऊन गेली माझ्याकडं. म्हणती, तानुबाईच्या हाताला आता चव ऱ्हायली न्हाई."

माझ्या घरी रान न्हाई. बालाजी आन राजेश्री, माझा पोरगा आन सून, फडातून जे आणतेत ते पावसाळ्यात सरतं. बाकीचं हे शाळेचंच. महारुद्रला हे माझ्याहून जास्ती ठावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत तो ह्योच.

घराकडं जाताना वाटंत भीमनगर लागतं. मॅडम दारात बसून पंचफुलासंगं शेंगा सोलायल्या. मला बघून म्हणल्या, "या मावशी, चहा ठेवते."

मी म्हणलं, "नको, आज उपास हाय."

तोंडातून कसं निघून गेलं बगा. मॅडमनं हसून घेतलं. त्यांना वाटलं, श्रावण हाय, खराच आसंल.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नाल्यापशी जीप रुतली. आमची काळी माती म्हंजी एकदा पाय धरला की सोडती व्हय! साहेब बूट हातात घेऊन, नडगीपर्यंत चिखल घेऊन चालत आले. मी पाय धुवायला पाणी दिलं. साहेब माणूस चांगला दिसला, सावकाश बोलणारा. भीमनगरची एकबी बाई शाळेकडं नव्हती. महारुद्रनं त्या दिवशी आपल्या सोयाबीनमधी झाडून सगळ्यांना खुरपायला लावलतं. पंचफुलासुद्धा तिथंच. असा डोक्याचा माणूस हाय तो.

साहेब सहावी-सातवीच्या वर्गात गेले. व्यंकटराव सर दारात उभे, महारुद्र, सुमनबाई आन गावातली चार-पाच माणसं खिडकीपशी, मी वऱ्हांड्यात. मॅडम फळ्यापशी हुत्या. साहेबांनी इचारलं, "मुलांनो, तुमच्यातल्या पुष्कळांचे आईवडील ऊसतोडीला जातात ना? मग घरी येऊन तुम्हाला कुणी थांबवून घेतलं?"

लेकरं गप. सरांनी आदल्या दिवशीच दम भरलता. पर माझी साक्षी उभी ऱ्हायली. लहानपणापून तशीच हाय ती, आडमुठी.

"मॅडमनं," ती म्हणली.

"कोणत्या मॅडमनं?"

"आमाला एकच मॅडम हाय, साहेब."

साहेबांनी हातातली फाईल उघडली. "इथं तर मुख्याध्यापकांचं नाव आहे. घरभेटी, वसतिगृह, सगळं त्यांनीच केलंय असं लिहिलंय."

तवा मॅडमला कळलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आन लगीच खाली बघितलं. फाईलमधी त्यांच्याच वहीतलं एकेक वाक्य जिंतूरहून टाइप करून आणलतं, फकस्त 'मी' कोण ते बदललतं.

साहेबांच्या ध्यानात काहीतरी आलं आसंल. ते मॅडमला म्हणले, "मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे? मोकळेपणानं सांगा."

अजून काही बिघडलं नव्हतं. त्यांनी एक शबद बोलायचा हुता, बस. त्यांनी महारुद्रकडं बघितलं, सुमनबाईकडं बघितलं, सगळ्यात शेवटी माझ्याकडं बघितलं. आन हसल्या. माझ्याकडं बघून हसल्या हो!

"माझं मी काय सांगू, साहेब," त्या म्हणल्या. "गावाला विचारा. गावानं डोळ्यांनी बघितलंय."

साहेबांनी गावाला इचारलं. महारुद्र म्हणला, व्यंकटराव सरांनी. सुमनबाई म्हणली, सरांनीच. आणखी दोघं-तिघं तसंच म्हणले. मग साहेब माझ्यापशी आले.

"मावशी, तुम्ही चौदा वर्षं इथं आहात. ही मुलगी म्हणते मॅडम. बाकीचे म्हणतात सर. तुम्ही सांगा. ही खोटं बोलते का?"

"माझी नात हाय, साहेब," मी म्हणलं.

"मग तर तुम्हाला नक्की माहीत असेल."

खिडकीतून महारुद्र बघायला. खोलीतून साक्षी बघायली. मॅडम बघायल्या. चुलीवरची खिचडी खाली लागल्याचा वास यायला, तेबी मला कळंना.

"लेकरू हाय, साहेब," मी म्हणले. "तिला काय कळतंय? मॅडमचा लळा लागलाय तिला. घरोघर सरच फिरले."

साहेब संगं आलेल्या कारकुनाला म्हणले, लिहून घ्या. त्यानं लिहिलं, मी सही केली. तानुबाई. चार अक्षरं. आधी मी अंगठा लावायचे. ही चार अक्षरं काढायला मला मॅडमनंच शिकवलतं, ह्याच वऱ्हांड्यात, पीठ पसरून त्याच्यावर बोट फिरवून.

संध्याकाळी साक्षी जेवली न्हाई. भिताडाला टेकून बसली आन म्हणली, "आजी, मी खोटं बोलले का?"

"गप बस."

"सांग ना. मी खोटं बोलले का?"

"गप बस म्हणलं ना!"

"तूच सांगायचीस ना, मॅडमनं आपल्या दारात सहा चकरा मारल्या म्हून? माझ्या बापानं कोयता उगारला तरी गेल्या न्हाईत म्हून? मग..."

मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. जन्मात पयल्यांदा. पोरगी रडलीबी न्हाई. मीच रडले, पर ते मागून, ती झोपल्यावर.

तुमी म्हणताल, तानुबाई, असं करायला तुझी जीभ कशी रेटली? मला तरी काय ठावं! मी मनाला म्हणायचे, बक्षीस काय, कागदाचा तुकडा. मॅडमला तर ते नकोच हुतं. माझी खिचडी ऱ्हायली, मॅडम हितंच हायत, साक्षी शिकायली. कुणाचं काय गेलं? असं रोज म्हणायचे आन रोज मॅडमची नजर चुकवायचे. आन मॅडम? काहीच न्हाई. तसंच शिकवणं, तसंच हसून बोलणं लेकरांसंगं. फकस्त तांदूळ निवडायला माझ्यापशी येऊन बसेनात.

शिक्षक दिनाला परभणीला व्यंकटराव सरांना बक्षीस मिळालं. दोन टेंपो भरून गाव गेलं. पुढच्या ऐतवारी शाळेपुढं मांडव टाकला. ताशा लावला, मानवतहून फेटे आणले, शाली आणल्या. सरांनी भाषण केलं. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, आन ते खोटं नव्हतं. माणूस चार येळा एकच खोटं ऐकतो, मग त्याला ते खरं वाटायला लागतं. शेवटाला म्हणले, "माझ्या बक्षिसात एका माऊलीचा वाटा हाय. साहेबांना जरा शंका हुती. पर आमच्या खिचडीवाल्या तानूमावशीच्या जबानीनं काम झालं."

टाळ्या! महारुद्रनं माइक घेतला. "तानूकाकूचा साडी-नारळ देऊन सत्कार करायचा हाय. शाळेच्या वतीनं धम्मशीला मॅडमनं तो करावा, अशी मी त्यांना विनंती करतो."

त्यानं मुद्दाम केलं का ध्यानात न येऊन केलं, अजून मला उमगलं न्हाई. मला धरती पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाया ढोसायल्या, जा की गं, जा की. गेले. मॅडम समोर आल्या. हातात हिरवी साडी, वर नारळ. त्यांनी माझा पदर नीट करून त्यात साडी-नारळ घातला. फोटोवाला म्हणला, इकडं बघा. त्यांनी बघितलं. मला काही बघवलं न्हाई.

कार्यक्रम सरला तशी मी शाळेच्या मागं पळत गेले. मॅडम नळावर हात धुवायल्या. मी पायच धरले.

"मॅडम, मला जोड्यानं हाणा. माझी रोजी जात हुती हो. महारुद्रनं मला..."

"उठा मावशी," त्या म्हणल्या. मी उठेना. मग त्या माझ्यापशी खाली बसल्या. "रोजीसाठी बोललात, ते मला समजतं. तुमच्या घरी काय आहे ते मी बघितलंय. पण मावशी, आदल्या दिवशी तुम्ही माझ्या दारावरून गेलात. मी चहाला बोलावलं. तेव्हा आत येऊन एवढंच सांगायचं होतं, की मॅडम, असं असं आहे. तर साहेबांपुढं मी स्वतःच म्हणाले असते, सगळं सरांनी केलं. तुमच्यासाठी म्हणाले असते. मला बक्षीस कुठं पाहिजे होतं? पण तुम्ही मला काही सांगितलं नाही. मला गावाला विचारा म्हणू दिलंत. आणि पोरीला खोटं पाडलंत."

नळ तसाच वाहायला. त्यांनी तो बंद केला.

"पहिल्या वर्षी तुम्ही उपास सांगायच्या, तेव्हा सुद्धा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं," त्या म्हणल्या आन गेल्या.

त्याच म्हयन्यात बदलीचे अर्ज भरायचे सुरू झाले. नऊ वर्सांत पयल्यांदा मॅडमनं अर्ज भरला. ऑर्डर आली, चुडाव्याच्या बाजूची शाळा. गावानं निरोपाचा कार्यक्रम करू म्हणलं, त्या न्हाई म्हणल्या. जायच्या आधी सरांना सांगून गेल्या, वसतिगृहाचा कागद दसऱ्याआधी वर गेला पाहिजे, न्हाई तर लेकरं ऱ्हायची न्हाईत. सर म्हणले, बघतो. पंचफुला आन तिचा मालक पंडित सामान टेंपोत चढवायले. भीमनगरच्या बाया गळ्यात पडून रडायल्या. मी वडाखाली उभी हुते. पुढं व्हायचा धीर झाला न्हाई. साक्षी टेंपोमागं पार नाल्यापर्यंत पळत गेली आन चिखलाचे पाय घेऊन माघारी आली. माझ्याशी दोन रोज बोलली न्हाई. तशी तिनं थोबाडीतलं खाल्ल्यापून कामापुरतंच बोलणं ठेवलतं.

वसतिगृहाचा कागद गेला न्हाई. मी सरांना तीनदा इचारलं. "मावशी, वर माहिती मागायलेत, त्यातून सवड होईल तवा," तिन्ही येळा एकच.

दसरा झाला. कारखान्याचा ट्रक आला तवा सकाळचे आठ वाजले आसतील. कोयते, पाट्या, शेळ्या, पत्रे, सगळं वर चढायला. आन लेकरं. दर साली ट्रकापशी मॅडम उभ्या असायच्या, एकेकाला नाव घेऊन खाली उतरवायच्या. औंदा कुणी नव्हतं. व्यंकटराव सर जिंतूरला गेलते, तिथं त्यांचा आणखी कुठला सत्कार हुता.

मला ऱ्हावंना. मी ट्रकापशी गेले. म्हणलं, "आगं, लेकरं कुठं न्यायल्या? खाली उतरवा. मी सांभाळते, मी भाकरी टाकते."

एक बाई वरून म्हणली, "तू कोण गं? मॅडम हाय का तू?"

दुसरी म्हणली, "जा की तुझ्या आदर्श सराकडं. त्याला म्हणावं सांभाळ." ट्रकात हसले सगळे. त्यातले दोघं-तिघं साहेबांपुढं माझ्याच बाजूला उभे हुते!

तेवढ्यात माझा बालाजी आला. एका खांद्यावर पत्र्याची पेटी, मागून राजेश्री, तिच्या हातात साक्षीचं बोचकं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बालाजी, साक्षीला कुठं नेतूस? ती ऱ्हाणार हाय माझ्यापशी. सातवी जवळ आली तिची!"

"माय, बाजूला हो. गाडी निघायली."

"मी हाय ना हितं! मी शबद देते तुला. एक दिवस शाळा बुडू देणार न्हाई."

बालाजीनं पेटी खाली ठेवली. तो माझ्याशी कधी वाकडं बोलत न्हाई. त्या दिवशीबी वाकडं बोलला न्हाई, हळूच म्हणला. "मॅडमनं शबद दिलता, म्हून तिला ठेवीत हुतो, माय. तुझ्या शबदावर पोरगी ठेवू व्हय? सायबापुढं तूच तिला खोटं पाडलंस. मला फडात फोन करून तिनं सांगायचं, आजी अशी बोलली, तशी बोलली, आन मी कुणाचं खरं मानायचं?"

तरी मी म्हणले, "तिला इचार. तिला शाळा पाहिजे का फड, तिलाच इचार."

मला वाटलं, पोरगी शाळेपायी जीव टाकती. काही झालं तरी ती न्हाई जायची.

बालाजीनं इचारलं, "साक्षे, ऱ्हातीस का आजीपशी? ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा. माझं काही न्हाई."

साक्षीनं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, मोठ्या माणसावानी. मग राजेश्रीच्या हातातलं आपलं बोचकं घेतलं, ट्रकात टाकलं, चाकावर पाय देऊन वर चढली आन वरून आईला हात दिला.

"चल आई," ती म्हणली. "मला न्हाई ऱ्हायचं हितं."

ट्रक गेला. नाल्यापल्याड धुरळा दिसायला, तोबी बसला. चौकातली माणसं आपापल्या कामाला गेली. महारुद्र आपल्या वसरीवर सुपारी कातरत बसलता, मला म्हणला, "काकू, उन्हात कामून उभ्या? जा शाळेत, खिचडीची येळ झाली."

शाळेत गेले, चूल पेटवली. सहावीच्या वर्गात पाच डोकी, सातवीत तीन. साडेअकराला व्यंकटराव सर जिंतूरहून माघारी आले. गळ्यात हार तसाच. खुर्ची सावलीत घेतली, मोबाइल काढला आन मला म्हणले, "मावशी, वर माहिती मागायलेत. आज लेकरं किती?"

म्हणलं, "उठा आन तुमीच मोजा, सर. बक्षीस तुमाला मिळालंय."